पेरू कापण्यापुरते पाते

रत्नागिरीहून पनवेलकडे येणाऱ्या गाडीत, जानेवारीतल्या एका दुपारी, मी पेरू कापण्यासाठी खिशातून चाकू काढला आणि अंगठ्याच्या एका झटक्यात उघडला. पाते काळ्या लेपाचे होते, लांबीला साडेनऊ सेंटिमीटर, आणि उघडून जागेवर बसताना त्याचा खट्‌कन आवाज होत असे. तो आवाज मला त्या दिवसांत फार आवडायचा. समोरच्या बाकावर एक आजी आणि त्यांची चार-पाच वर्षांची नात बसलेली होती. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीला खिडकीकडे सरकवले आणि स्वतः तिच्या व माझ्या मध्ये बसल्या. मी फोडी केल्या, मीठ-तिखट लावले आणि कागदासकट त्यांच्यापुढे धरले, तेव्हा त्यांनी हात जोडून "नको" म्हटले. नात फोडींकडे पाहत होती. चिपळूण येईपर्यंत मी त्या एकट्याने संपवल्या आणि चाकू मिटून पिशवीच्या तळाशी ठेवला. नंतर तो खिशात कधी आला नाही.

त्या चाकूत तसा दोष नव्हता. पोलाद उत्तम होते, पाते जागेवर घट्ट बसत होते, मूठ हातात नीट भरत होती. तो घेण्याआधी मी तीन-चार आठवडे कडकपणाचे आकडे, खटक्यांचे प्रकार आणि पात्यांचे आकार वाचले होते. ज्या माणसांच्या देखत तो उघडायचा, ती माणसे मात्र माझ्या हिशेबात कुठेच नव्हती. ओट्यावरची सुरी घरच्यांनाच दिसते. शेतातला कोयता कमरेच्या आकडीला लटकलेला असतो आणि तो तिथे का आहे, हे त्या माणसाच्या पायाच्या चिखलावरूनच कळते. खिशातला चाकू एकदम समोर येतो. आता रिकामा असलेला हात पुढच्या क्षणी धार घेऊन उभा राहतो. त्यामुळे असा चाकू निवडताना तो किती वेगाने आणि किती आवाज करून उघडतो, हा प्रश्न धारेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो, असे मला त्या प्रवासानंतर वाटू लागले आणि आजही वाटते.

आपल्याकडे मिटणाऱ्या चाकूवर रामपुरीची सावली आहे, हेही इथे सांगायला हवे. उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहरातल्या कारागिरांचे ते नवाबी काळापासून नावाजलेले काम: लांब, निमुळते पाते, नक्षीची मूठ आणि पाते उघडे धरून ठेवणारा खटका. हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हातात दिला, आणि दोन-तीन पिढ्यांच्या कानांत त्या खटक्याचा आवाज धमकी म्हणून बसला. त्या कारागिरांबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण हाताने घडवलेल्या एका चांगल्या वस्तूचे नावच शिवीसारखे झाले. पण गाडीत समोर बसलेल्या आजींना माझ्या चाकूत तोच आवाज ऐकू आला असेल, तर त्यात त्यांची काही चूक नव्हती.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, राजापूर तालुक्यात आंब्याची कलमे बांधत. त्यांचा कलमाचा चाकू घडीचाच होता, पण तो कधीही कुणाला भीतिदायक वाटला नाही. त्याचे पाते एका बाजूने अगदी सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरते होते. कोय कलमात पंधरा-वीस दिवसांच्या, अजून तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून देठ उभा चिरतात, कलमकाडीला खालून पाचरीसारखा छेद देतात, आणि ती पाचर त्या चिरेत बसवून वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतात. छेद एका फटक्यात आणि आरशासारखा सपाट झाला, तरच दोन्हींच्या सालींखालचा जिवंत थर एकमेकांना भिडतो आणि कलम धरते. पृष्ठभाग किंचित जरी गोलसर झाला, तरी मध्ये फट राहते आणि काडी वाळून जाते. म्हणून पाते एका बाजूने सपाट. अण्णा त्या चाकूला फळ लावू देत नसत, सुतळी तर नाहीच. पेरूसाठी, सुपारीची पिशवी फोडण्यासाठी, पेन्सिलीला टोक काढण्यासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात दुसरा एक साधा, लाकडी मुठीचा चाकू असे. तो राजापूरच्या बाजारातला होता, त्यावर कुणाचे नाव नव्हते, आणि कलमाचा चाकू कापडात गुंडाळून जपणारे अण्णा हा दुसरा चाकू मागेल त्याला बेलाशक देत.

त्या दोन चाकूंचा अर्थ समजायला मला पन्नाशी गाठावी लागली. कलमाचा चाकू कामातून घडला होता, आणि दुसरा माणसांत वापरायला होता. मी विकत घेतलेला काळा चाकू या दोन्हींपैकी काहीच नव्हता.

मग मी एक वही केली. एक महिनाभर, जेव्हा जेव्हा चाकूची गरज पडली, तेव्हा काय कापले ते लिहून ठेवले. दुधाची पिशवी, पार्सलवरची चिकटपट्टी, नायलॉनची दोरी, औषधाच्या बाटलीच्या झाकणावरचे प्लॅस्टिक, शर्टाचा सुटलेला दोरा, पेरू, संत्रे, चिकू, भाकरीबरोबरचा कांदा, नातवाची पेन्सिल, कुंडीतल्या जास्वंदाची फांदी, पायात रुतलेला काटा काढण्याआधी त्यावरची कातडी किंचित मोकळी करणे. महिना दिवाळीच्या आधीचा होता, म्हणून आकाशकंदिलासाठी बांबूच्या कामट्या तासण्याचे काम त्यात आले, आणि अख्ख्या वहीत जोर लावावा लागणारे तेवढे एकच काम होते. नोंदी वाचून पाहिल्यावर स्पष्ट दिसले की, सात सेंटिमीटरांहून लांब पाते मला एकदाही लागले नव्हते. पुढे मेमध्ये हापूसचे बाठ्यालगतचे दोन्ही गाल काढतानाही तेवढीच लांबी पुरली. ज्याला घडीचा चाकू घ्यायचा आहे, त्याला मी आता इतर काही सांगण्याआधी ही वही करायला सांगतो. दुकानात आणि चित्रांत दिसणारे बहुतेक चाकू आपण कधीच न करणाऱ्या कामांसाठी असतात, हे तिच्यामुळे आपोआप लक्षात येते.

जाडीबद्दल लोक फार कमी बोलतात, आणि माझ्या मते निवडीतली सर्वांत मोठी चूक इथेच होते. माझ्या काळ्या चाकूचे पाते पाठीशी जवळजवळ चार मिलिमीटर जाड होते. धार कितीही तीक्ष्ण केली तरी पेरूत ते अर्ध्यावर गेले की पेरू कापला जाण्याऐवजी पाचर ठोकल्यासारखा फुटत असे, आणि कांद्याची चकती कधीच एकसारखी पडत नसे. पाठीशी दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असलेले आणि धारेकडे एकसारखे निमुळते होत गेलेले पाते फळातून सरळ उतरते. घरातली जुनी, झिजून अरुंद झालेली सुरी सर्वांत चांगली कापते, असे आई नेहमी म्हणते. त्यामागचे कारणही पातळपणाच आहे. जाड पात्याची मजबुती डबे उचकटायला आणि लाकूड फोडायला उपयोगी पडते, पण ती कामे चाकूची नाहीतच.

लांबीच्या प्रश्नात कायदाही येतो, आणि तो समजून न घेता चाकू खिशात ठेवणे बेजबाबदारपणाचे आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात ज्या चाकूंचा उल्लेख आहे, ते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी न बनवलेले, असे आहेत. खिशात मावणारा कुठलाही समंजस चाकू या मापाच्या फार आत असतो. पण एवढ्यावर निश्चिंत होऊन चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत तलवारी, भाले, दंडुके यांच्याबरोबर चाकूही असतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती चौकोनी बातमी मी आता वाचतो, आणि आदेश लागू असेल तेव्हा चाकू घरी ठेवतो. मेट्रोच्या दारातली तपासणी, न्यायालये, मोठी देवस्थाने इथेही तो नेत नाही. विमानात तर हातातल्या सामानात लहानातला लहान चाकूही चालत नाही. तो सोपवायच्या सामानात टाकावा लागतो, आणि हे विसरलेल्या माणसाचा चाकू विमानतळावरच्या पेटीत जातो.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याला चाकू भेट द्यायचा होता, तेव्हा कळले की तिथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगता येणारा चाकू घडीचाच असावा लागतो, त्याची धार 3 इंचांहून लांब चालत नाही, आणि उघडल्यावर पाते खटक्याने जागच्या जागी अडकत असेल, तर मापात बसूनही तो या सवलतीत येत नाही. पहिल्यांदा हे मला उलटे वाटले, कारण अडकणारे पाते हाताला अधिक सुरक्षित असते. विचार केल्यावर त्यातला हेतू उमगला: जे पाते जोराने खुपसता येत नाही, कारण ते आपल्याच बोटांवर मिटेल, ते शस्त्र म्हणून निकामी आणि पेरूसाठी पुरेसे असते.

खटक्याबद्दल माझे स्वतःचे मत एका जखमेने घडले. पट्ट्याला एक जास्तीचे भोक पाडायचे होते आणि हाताशी अण्णांचा तो बाजारातला चाकू होता. त्यात खटका नाही. मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमानी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, आणि पाते उघडे राहते ते एवढ्या दाबावरच. मी टोक चामड्यात रोवून जोर लावला, टोक अडले, हात पुढे गेला आणि पाते उजव्या तर्जनीवर मिटले. तीन टाके पडले. चाकूने त्याच्या बनावटीप्रमाणेच वागणूक केली होती. कमानीच्या चाकूवर जोर नेहमी धारेच्या दिशेने द्यायचा असतो, कारण तेव्हा पाते आणखी घट्ट उघडे राहते, आणि टोकावर जोर दिला की ते मिटण्याच्या वाटेला लागते. भोक पाडायला चर्मकाराच्या आरीसारखी वस्तूच हवी होती.

यानंतर काही काळ मी खटक्याच्या चाकूंचाच आग्रह धरला. त्यांतही प्रकार आहेत. काहींत पाठीवरची पट्टी पात्याच्या खाचेत बसते आणि मिटवताना ती पाठीवरून दाबावी लागते. काहींत मुठीच्या आतली पातळ पत्र्याची जीभ आडवी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. ही रचना एका हाताने मिटवायला सोपी, पण मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, आणि गावच्या जांभ्याची तांबडी माती आत गेली की जीभ पुरती सरकत नाही. ज्याला रोज टोकाने काम करावे लागते, ज्याचे हात ओले किंवा तेलकट असतात, त्याने खटका असलेला चाकू जरूर घ्यावा. माझ्या वहीत मात्र टोकावर जोर देण्याचे एकही काम नव्हते. एका चुकीच्या कामात झालेल्या जखमेवरून रोजच्या कामाचा चाकू ठरवायचा नाही, एवढे समजायला मला वर्ष लागले.

याच शोधात फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल नावाचा घडीचा चाकू घरात आला. आल्प्सच्या पायथ्याशी अवजारे घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेलने तो 1890 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी केला, आणि 1897 मध्ये 1 ते 12 अशा क्रमांकांच्या मापांत तो मिळू लागला. पाते, बीच झाडाची गोल मूठ, धातूचा एक पट्टा आणि एक खिळा, एवढ्यात तो चाकू संपतो. 1955 मध्ये त्यावर फिरणारी कडी आली. पाते उघडून कडी फिरवली की ते मिटू शकत नाही. पात्यावर मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात कोरलेला असतो, त्यातला हात सेंट जॉन द मॉरियेन या तिथल्या गावाच्या चिन्हातला आणि मुकुट साव्हॉयच्या जुन्या सरदारकीचा. मी 7 क्रमांकाचा घेतला, 8 सेंटिमीटर पात्याचा. इतके पातळ, इतके हलके आणि फळातून इतके अलगद उतरणारे पाते मी तोपर्यंत वापरले नव्हते. नात्यातल्या कुणालाही तो पाहून भीती वाटली नाही, कारण लाकडी मुठीमुळे तो देवघरातल्या एखाद्या लाकडी डबीसारखा दिसतो. माझा शोध संपला असेच मला वाटले.

जूनमध्ये मी गावी गेलो. मृगाचा पाऊस चार दिवस लागून राहिला आणि पाचव्या दिवशी चाकू उघडेना. बीचचे लाकूड हवेतले पाणी शोषते, फुगते आणि पात्याची खोबण त्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते. साव्हॉयच्या लोकांना हे माहीत आहे. मुठीचे बूड टेबलावर ठोकले की पाते थोडे बाहेर येते आणि मग बोटांनी पकडता येते, ही त्यांची युक्ती मी केली. त्यांच्या डोंगरातल्या ओलाव्यासाठी ती पुरत असेल. कोकणातल्या आषाढात मी पडवीच्या कठड्यावर मूठ ठोकत राहिलो आणि पाते नखभर हलले. मूठ आठवडाभर चुलीवरच्या मांडवात वाळवून, खोबण पॉलिश कागदाने किंचित रुंद करून आणि जवसाचे तेल मुरवून तो चाकू मी पुन्हा चालता केला, पण पुढच्या पावसात तो परत हटून बसला. जे लाकूड एका हवेत उत्तम, ते दुसऱ्या हवेत अडते. पुण्यातल्या घरी, ओट्याच्या वरच्या फळीवर, तो आजही आहे आणि हिवाळा-उन्हाळ्यात पावावर लोणी लावण्यापासून आंबे कापण्यापर्यंत सगळी कामे करतो.

त्याच्या पोलादाने मला एक जुना शब्द नव्याने शिकवला. आपण म्हणतो, पात्याला पाणी दिले आहे. लोहार पाते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. त्या क्षणी पोलाद कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते, आणि मग त्याला मंद आचेवर पुन्हा तापवून तो ठिसूळपणा उतरवावा लागतो. या दोन तापवण्यांच्या मधला तोल म्हणजे पात्याचे पाणी. पाणी जास्त झाले तर धार टवके उडून जाते, कमी पडले तर ती कागद कापतानाही वळते. आजचे कारखाने हेच रॉकवेल या कडकपणाच्या मापात सांगतात. मी घेतलेला ओपिनेल सुमारे 0.9 टक्के कार्बन असलेल्या साध्या पोलादाचा होता. त्याला दगडावर पाच मिनिटांत अशी धार येई की वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता दुभंगावा. पण कच्ची कैरी कापली की पाते काळे पडे आणि फोडीला लोखंडाची चव येई. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रात्रभर ओला राहिला तर सकाळी त्यावर तांबूस ठिपके असत. ओला चाकू तत्काळ पुसण्याची शिस्त ज्याच्या अंगी आहे, त्याला साध्या पोलादासारखे सुख नाही. खिशातल्या घामात, पावसात आणि फळांच्या आंबट रसात राहणाऱ्या पात्याला सुमारे 13 टक्के क्रोमियमचे, न गंजणारे पोलादच बरे.

कडकपणाच्या आकड्यांचा मोह मला सोडावा लागला. रॉकवेल मापात 60 च्या पुढचे पोलाद धार पुष्कळ दिवस धरते, पण ती गेली की घरातल्या साध्या दगडावर परत यायला जीव मेटाकुटीला येतो, आणि हिऱ्याच्या चुऱ्याचे पाटे आणावे लागतात. 55-56 चे पोलाद लवकर बोथट होते आणि लवकर लागते. माझ्याकडे अण्णांचा दगड आहे, मध्ये झिजून खोलगट झालेला, ज्याची एक बाजू मी सपाट करून घेतली आहे. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, मी त्यावर पाते फिरवतो. पाते 12 मिलिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून 4 मिलिमीटर उचलून धरली, तर कोन 20 अंशांच्या आसपास येतो. एकदा तो हाताला कळला की मोजावा लागत नाही. एका बाजूने घासत राहायचे, ते पलीकडच्या बाजूला धारेच्या कडेवर नखाला खरखर लागेपर्यंत. मग दुसऱ्या बाजूने तेवढेच, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार उलटी ओढून ती खरखर काढून टाकायची. हे सारे दहा मिनिटांचे काम आहे. पूर्वी सायकलवर सराण घेऊन दारोदार येणारे धारवाले आता आमच्या गल्लीत क्वचितच दिसतात, म्हणून स्वतःला लावता येईल असे पोलाद घेणे मला अधिकच आवश्यक वाटते.

शेवटी जो चाकू खिशात राहिला, तो अगदी सर्वांना माहीत असलेला आहे: व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा लाल मुठीचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर लांब, दोन पात्यांचा आणि वजनाला सुमारे 60 ग्रॅमचा. इतक्या ओळखीच्या वस्तूकडे मी आधी दुर्लक्षच केले होते. स्वित्झर्लंडमधल्या इबाख या गावात कार्ल एल्सनर याने 1884 मध्ये कार्यशाळा सुरू केली आणि 1891 मध्ये तिथल्या सैनिकांना पहिल्यांदा चाकू पुरवले. त्या सैनिकाच्या चाकूत एक पाते, डबा उघडायचे साधन, पेचकस आणि टोच्या होता, कारण सैनिकाला डबाबंद अन्न उघडायचे होते आणि रायफल खोलून साफ करायची होती. 12 जून 1897 या दिवशी नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत एल्सनरने खरी कारागिरी केली: मुठीत दोनच कमान्या, आणि एकेक कमानी पोटाकडच्या पात्यांनाही दाबते व पाठीकडच्या साधनांनाही. त्यामुळे सहा साधने असूनही चाकू पातळ राहिला. मी तो उघडमीट करताना अजूनही त्या एका पट्टीची दुहेरी नोकरी पाहत राहतो. इतक्या काटकसरीने विचार करणाऱ्या माणसाबद्दल मला प्रेम वाटते.

माझ्या वहीतली यादी त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा सगळी उत्तरे मिळत गेली. पाते पातळ आहे आणि सात सेंटिमीटरांच्या आतले आहे. पोलाद गंजत नाही आणि अण्णांच्या दगडावर लागते. मूठ प्लॅस्टिकची असल्याने आषाढात फुगत नाही. पाठीवरचा टोच्या पट्ट्याला भोक पाडतो आणि माझ्या तर्जनीवर मिटत नाही, कारण तो मुठीला काटकोनात उभा राहतो आणि जोर सरळ तळव्यातून जातो. बाटलीचे बूच काढायच्या मळसूत्राचा उपयोग मी त्या कामासाठी कधी केला नाही. पावसात भिजून आवळलेली दोरीची गाठ सोडवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. त्याचे एक वैगुण्य आहे, आणि ते मी झाकणार नाही: बांबूच्या कामट्या तासताना त्याची गुळगुळीत, सपाट मूठ तासाभरात तळवा दुखवते. त्या कामाला मी ओपिनेल घेतो, दिवाळीपर्यंत तो कोरडाही झालेला असतो.

पण त्याचा जो गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो त्याच्या संथपणाचा आहे. पात्यावर नखासाठी एक खाच असते. चाकू खिशातून काढायचा, डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्याचे नख खाचेत घालायचे आणि पाते ओढून उघडायचे. दोन्ही हात गुंततात, दोन-तीन क्षण जातात, आणि समोरच्या माणसाला तेवढ्यात लाल मूठ दिसते, मग पाते दिसते, मग दुसऱ्या हातातले फळही दिसते. कुणी दचकत नाही. काळा चाकू ज्या वेगासाठी मी घेतला होता, त्या वेगाची गरज असलेले काम माझ्या वहीत शोधूनही सापडले नाही.

काही बारीक गोष्टी वापरातून कळल्या. सांध्यात खोबरेल घालू नये. ते 24 अंशांच्या खाली थिजते, आणि पुण्याच्या डिसेंबरात माझा चाकू सकाळी गोठल्यासारखा जड उघडत असे. शिवणयंत्राचे तेल फळाच्या पात्याला नको. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पुरतो. आंब्याचा रस सांध्यात गेला तर कोमट पाण्यात चाकू पाच-सहा वेळा उघडमीट करून, झटकून, उन्हात उघडा ठेवावा. आणि दुसऱ्याच्या हातात देताना चाकू मिटूनच द्यावा. उघडी सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी, असे आई सांगते, दिली तर भांडण होते म्हणते. भांडणाचे मला ठाऊक नाही, पण ज्या बाईने तो नियम पहिल्यांदा केला तिने कुणाचे तरी बोट कापलेले पाहिले असावे.

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर अवजारे मांडतात. मागच्या आश्विनात आईने नेहमीप्रमाणे विळी, अडकित्ता, खोबऱ्याची किसणी, कोयती आणि अण्णांचा कलमाचा चाकू ओळीने ठेवला. अण्णांचा बाजारातला चाकू तिने स्वतःच्या शिवणाच्या डब्यातून काढून आणला. तो तिथे असतो हे मला माहीत नव्हते. माझा लाल चाकू मी देऊ की नको या विचारात उभा होतो, तेव्हा तिने हात पुढे केला, तो घेतला, उलटसुलट पाहिला आणि "याला नख कुठे लावायचे?" असे विचारले. मी खाच दाखवली. तिचे नख दोनदा निसटले, तिसऱ्यांदा पाते उघडले. तिने त्यावर हळदीकुंकवाचे बोट लावले, झेंडूचे फूल ठेवले आणि ओळीत अडकित्त्याच्या शेजारी जागा करून दिली. दसऱ्याच्या सकाळी मी तो उचलून सांध्यातली हळद कोमट पाण्याने धुतली, आणि तो वाळत असताना आईने परातीत चार पेरू आणून ठेवले.